उत्कंठा आणि वाचकाचा विश्वास



कथा, कादंबरी आणि नाटक या वाङ्मयप्रकारांचा अभ्यास करताना ‘उत्कंठा’ हा शब्द आपल्याला पुनःपुन्हा भेटतो. ‘कथानक उत्कंठावर्धक आहे’, ‘लेखकाने शेवटपर्यंत उत्कंठा टिकवून ठेवली आहे’ अशी विधाने आपण वाचतो आणि उत्तरपत्रिकेत तशीच उतरवतो. ही उत्कंठा लेखकाने कशी निर्माण केली, असे कोणी विचारले, तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : महत्त्वाची गोष्ट शेवटपर्यंत दडवून ठेवली म्हणून.

या उत्तराविषयी माझे मत प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. हे उत्तर अपुरे आहे. शिवाय साहित्यकृती वाचताना ते आपले लक्ष चुकीच्या जागी वळवते, असे मला वाटते. उत्कंठा मुख्यतः दडवण्यातून निर्माण होत नाही, ती योग्य वेळी सांगण्यातून निर्माण होते. जो लेखक वाचकाला विश्वासात घेतो, तोच त्याला खऱ्या अर्थाने खिळवून ठेवतो. हे मत आपण जसेच्या तसे स्वीकारावे अशी अपेक्षा नाही. पुढील उदाहरणांवर ते पारखून पाहावे आणि मग आपला निर्णय करावा.

शब्दाचा मूळ अर्थ

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘कंठ’ म्हणजे गळा. मान उंचावून वाट पाहणे, ही उत्कंठेची मूळ प्रतिमा आहे. ही प्रतिमा समजण्यासाठी ग्रंथ उघडावा लागत नाही. भिवंडी तालुक्यातील काल्हेरच्या बसथांब्यावर सकाळी ठाण्याला निघालेल्या माणसांकडे पाहावे. प्रत्येक जण रस्त्याच्या कडेला येऊन, मान उंच करून लांबवर पाहत असतो. बस येणार हे त्याला ठाऊक आहे. ती केव्हा येईल, तीत पाय ठेवायला जागा असेल का, कशेळीच्या पुलावर वाहनांची रांग लागली तर कामावर वेळेत पोहोचता येईल का, हे मात्र ठाऊक नाही.

या साध्या दृश्यात उत्कंठेच्या दोन अटी स्पष्ट दिसतात. पहिली, वाट पाहणाऱ्याला काहीतरी निश्चित माहीत असावे लागते. बस येणार आहे हेच ज्याला माहीत नाही, तो मान उंचावत नाही. दुसरी, त्याचे काहीतरी पणाला लागलेले असावे लागते. ज्याला कोठे जायचेच नाही, त्याच्यासमोरून दहा बस गेल्या तरी तो चहाच्या टपरीवर निवांत बसून राहतो. संपूर्ण अज्ञानातून उत्कंठा जन्माला येत नाही आणि आस्था नसेल तर ती टिकत नाही.

धक्का, रहस्य आणि उत्कंठा

आपण बोलताना तीन निरनिराळ्या अनुभवांना ‘उत्कंठा’ हे एकच नाव देतो. हे अनुभव वेगळे करण्यासाठी एक छोटी कथा कल्पून पाहू.

काल्हेर हे आज गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. माल उतरतो, त्याची वर्गवारी होते, तो खोक्यांत भरला जातो आणि पुन्हा गाडीत चढतो. अशा एका गोदामात एक तरुणी रात्रपाळीत पॅकिंगचे काम करते. ती मुक्त विद्यापीठातून बी. ए. करीत आहे. सकाळी सहाला पाळी सुटणार आहे आणि दहा वाजता ठाण्याच्या केंद्रावर तिचा पेपर आहे. हॉल तिकीट पुस्तकात ठेवून तिने ते पिशवीत घातले आहे.

पहिला प्रकार असा : ती रात्रभर काम करते, सहाला सुटते, चहा पिते, उजळणी करते, बस पकडते, केंद्रावर पोहोचते. दारात पिशवी उघडते, तर हॉल तिकीट नाही. येथे वाचक दचकतो. हा धक्का आहे. तो क्षणभर टिकतो आणि त्याच्या मागची सारी पाने त्या क्षणापर्यंत पोहोचण्यासाठी केवळ ओलांडलेली असतात.

दुसरा प्रकार असा : लेखक आरंभीच लिहितो की, त्या रात्री तिच्या घरी एक गोष्ट घडली होती आणि तिला ती कळली नव्हती. कोणती गोष्ट, ते तो सांगत नाही. येथे वाचकाला कुतूहल वाटते. हे रहस्य आहे. वाचक पाने उलटतो, पण त्याचे लक्ष त्या तरुणीकडे नसते. लेखकाने मूठ मिटून धरली आहे आणि वाचक त्या मुठीकडे पाहत असतो.

तिसरा प्रकार असा : ती कामावर निघण्यापूर्वी स्वयंपाकघरात भाकरी बांधून घेत असताना, तिचा चार वर्षांचा भाचा पुस्तकातून तो कागद काढतो, त्याची होडी करून पाहतो आणि ती पलंगाखाली सरकवतो. हे तिने पाहिलेले नाही. आपण पाहिले आहे. आता पुढचे सारे वाचा. मध्यरात्रीच्या सुट्टीत ती पुस्तक काढायला पिशवीकडे हात नेते आणि तेवढ्यात सुपरवायझर हाक मारतो. सहाला पाळी सुटते. घर दहा मिनिटांवर आहे. आत्ता तिने पिशवी उघडली तर सारे निभावेल. ती पिशवी उघडते, पण पाण्याची बाटली काढून घेते. तिच्या प्रत्येक साध्या हालचालीने आपला जीव टांगणीला लागतो. ही उत्कंठा आहे.

या तिन्ही प्रकारांत घटना त्याच आहेत. तिसऱ्या प्रकारात लेखकाने पाठलाग, खून, भूत असे काहीही नव्याने आणलेले नाही. एक माहिती त्याने शेवटून उचलून आरंभी ठेवली, एवढेच. त्यामुळे चहा पिणे, बस पकडणे या निरस वाटणाऱ्या तपशिलांना अर्थ आला. चित्रपट-दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक हा फरक टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावीत असे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतात. तो तेथे आहे हे त्यांना आधी दाखवले, तर टेबलाभोवतीच्या सामान्य गप्पाही त्यांना असह्य होतात. आपल्या परंपरेला ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती, हे आता पाहू.

परंपरेची साक्ष

आपल्याकडील गावोगावच्या हरिनाम सप्ताहात, कीर्तनात अभिमन्यूचे आख्यान आपण ऐकले असेल. श्रोत्यांपैकी एकालाही शेवट नवा नसतो. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ठाऊक आहे, बाहेर पडण्याची नाही, हे आजीच्या मांडीवर बसलेल्या नातवालाही सांगितलेले असते. तरीही तो व्यूहाच्या तोंडाशी येतो तेव्हा मंडपात शांतता पसरते. दडवण्यातूनच उत्कंठा निर्माण होते असे मानले, तर या शांततेचे कारण सांगता येत नाही. येथे काहीही दडवलेले नाही. आत शिरणाऱ्या मुलापेक्षा आपल्याला अधिक माहीत आहे आणि आपण त्याला हाक मारून थांबवू शकत नाही. श्रोत्याची ही असहाय आस्थाच त्या आख्यानाचे बळ आहे.

त्याच्या पुढचेच आख्यान जयद्रथवधाचे. उद्याच्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. व्यासांनी येथे काळाला मर्यादा घातली. प्रतिज्ञा होताच आकाशातला सूर्य हेच कथेचे घड्याळ होते. त्यानंतरचे प्रत्येक युद्धवर्णन त्या घड्याळाशी ताडून ऐकले जाते. आधुनिक कादंबरीकार जिला ‘मुदत’ म्हणेल, ती युक्ती येथे पूर्णत्वाने वापरलेली आहे. मुदतही सांगावीच लागते. दडवलेल्या मुदतीने कोणाचाही श्वास रोखला जात नाही.

‘वेताळपंचविशी’ची रचना याहून गुंतागुंतीची आहे. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागर’ या ग्रंथात या कथा समाविष्ट आहेत आणि मराठी घरांत त्या पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. राजाने प्रेत खांद्यावर घेऊन मौन राखून चालायचे आहे. वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील. बोलला तर मौन मोडेल आणि वेताळ पुन्हा झाडावर जाईल. नियम आरंभीच स्पष्ट सांगितलेले आहेत. म्हणून प्रत्येक गोष्टीच्या अखेरीस श्रोता दोन प्रश्न एकाच वेळी मनात धरतो : न्याय कोणता आणि राजा बोलेल का? येथे कोडेही आहे, परंतु त्याच्या उत्तरासाठी लागणारी सर्व माहिती श्रोत्याच्या हाती दिलेली आहे. कोडे घालणारा वेताळसुद्धा माहितीबाबत प्रामाणिक आहे, हे ध्यानात घ्यावे.

शास्त्रकारांनीही या अनुभवाचा विचार केलेला दिसतो. भरताच्या नाट्यशास्त्रात तेहतीस व्यभिचारी भावांमध्ये ‘औत्सुक्य’ हा भाव येतो. नाट्यकार्याच्या पाच अवस्था तेथे सांगितल्या आहेत : आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. यांतील मधली अवस्था, प्राप्त्याशा, आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. फल मिळेल अशी आशा निर्माण झाली आहे, पण विघ्नही दिसते आहे, अशी ही स्थिती. आशा आणि शंका यांचा हा समतोल राखायचा तर प्रेक्षकाला फल कोणते आणि विघ्न कोणते, ही दोन्ही दिसावी लागतात.

आधुनिक मराठी साहित्यातील तीन उदाहरणे

हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः प्रसिद्ध केली. यमू या बालविवाहित आणि पुढे विधवा झालेल्या मुलीचे हे आत्मनिवेदन आहे. येथे दोन यमू आहेत, हे आपण लक्षात घ्या. एक, सारे भोगून झाल्यावर लिहिणारी. दुसरी, लहानपणी खेळणारी, सासरी जाणारी, पतीसह मुंबईत थोड्या काळाचे सुख पाहणारी. पहिलीला पुढचे माहीत आहे, दुसरीला नाही, आणि वाचक या दोघींच्या मध्ये उभा आहे. लिहिणाऱ्या यमूच्या सुरावरून त्याला पुढची सावली आधीच जाणवते. म्हणून सुखाची प्रकरणे वाचतानाच त्याचे मन धास्तावते. हरिभाऊंनी शेवट गुप्त ठेवून वाचकाला चकित करण्याचे ठरवले असते, तर विधवेचे दुःख एक अपघात ठरले असते. ते आधीपासून दिसत असल्यामुळे, हे टाळता आले असते आणि कोणी टाळले नाही, हा कादंबरीचा आरोप वाचकापर्यंत पोहोचतो. म्हणजे उत्कंठेची ही पद्धत केवळ रंजनासाठी नाही. कादंबरीचा आशय तिच्यावर अवलंबून आहे.

दुसरे उदाहरण विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या, १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाचे. एका गावातील सभागृहात हौशी नटांची मंडळी जमते. वेळ घालवण्यासाठी आणि सामंत या गावकऱ्याला न्यायालयाची पद्धत समजावी म्हणून ते खोटा खटला रचतात आणि बेणारे या शिक्षिकेला आरोपी करतात. आरोप भ्रूणहत्येचा. खेळ हळूहळू खरा होत जातो. येथे लेखकाने बेणारेच्या आयुष्यातील काही गोष्टी राखून ठेवल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण प्रेक्षकाला अस्वस्थ करणाऱ्या वस्तू त्याच्या डोळ्यांसमोर उघड मांडलेल्या आहेत. प्रा. दामले आलेले नाहीत, हे आरंभीच्या भागात कळते. दाराची कडी नीट वागत नाही, हे तर नाटक सुरू होताच दाखवले जाते. पुढे बेणारे बाहेर पडू पाहते आणि दार उघडत नाही, तेव्हा आपल्याला धक्का बसत नाही. त्या दाराकडे आपण मघापासून पाहत होतो. आरंभी किरकोळ वाटणारी वस्तू दाखवून ठेवणे आणि नंतर तिला अर्थ देणे, याला समीक्षेत ‘पूर्वसूचन’ म्हणतात. ते प्रेक्षकाशी केलेल्या अलिखित करारासारखे असते. जे उपयोगात येणार आहे, ते तुला आधी दाखवले जाईल, असे लेखक सांगत असतो.

तिसरे उदाहरण व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’चे. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीत खलनायक नाही, खून नाही, रहस्य तर नाहीच. एक तरुण शिक्षक धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा चालवू पाहतो, लोकांत मिसळतो. तरी ती वाचताना आपण थांबत नाही. ज्या माणसांवर आपला जीव जडला आहे ती माणसे पावसावर जगतात, हे आपल्याला ठाऊक झालेले असते. पाऊस हुकला की वाडीचे काय होईल, हा प्रश्न लेखकाला विचारावा लागत नाही. तो वाचकच विचारू लागतो. उत्कंठा घटनांच्या संख्येवर अवलंबून नाही, हे समजण्यासाठी ही कादंबरी आवर्जून वाचावी.

रहस्यकथेचे काय?

येथे एक आक्षेप येईल. रहस्यकथेत तर गुन्हेगाराचे नाव दडवलेलेच असते. मग आपले मत तेथे कसे टिकते? आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देता कामा नये.

मराठीत बाबुराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांची पात्रे वाचनालयांतून घरोघरी पोहोचली. त्यांच्या पुस्तकांनी वाचनाची गोडी लावली असे सांगणारी माणसे आजही भेटतात. या लेखनाला अभ्यासक्रमांनी फारसे जवळ केले नाही, पण वाचकाला पुढचे पान उलटायला लावण्याची विद्या त्यात आहे आणि ती क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. झुंजार संकटात सापडतो तेव्हा वाचकाला गुन्हेगाराच्या नावापेक्षा झुंजारची चिंता अधिक असते. तो संकटात आहे, हे तर उघड सांगितलेले असते. रहस्य वाचकाला कथेत ओढून आणते. पानोपानी बांधून ठेवते ती उत्कंठाच.

शिवाय चांगल्या रहस्यकथेचा अलिखित नियम असा की, उकल करण्यासाठी लागणारे दुवे वाचकासमोर आलेले असावेत. ते नजरेआड झाले तर ती वाचकाची चूक. ते दिलेच नाहीत तर ती लेखकाची लबाडी. कोणताही मागमूस नसलेले पात्र शेवटच्या पानावर गुन्हेगार म्हणून उभे केले, तर वाचक चकित होत नाही, रागावतो. म्हणजे जेथे दडवणे हाच प्रकाराचा धर्म आहे, तेथेही लेखकाची पत सांगण्यावरच ठरते. तेवढ्यापुरते माझे विधान मी सौम्य करतो : दडवणे हे लेखकाचे एक साधन आहे, परंतु त्याच्या पाठीशी सांगितलेल्या गोष्टींची भरपूर पुंजी असल्याशिवाय ते चालत नाही.

ताणा आणि बाणा

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. त्या परिसरात वाढलेल्या कोणालाही ताणा आणि बाणा हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. ताणा म्हणजे उभे धागे. ते आधी बसवले जातात आणि ताणून धरले जातात. बाणा म्हणजे त्यांतून ये-जा करणारा आडवा धागा. ताण सैल असेल तर कापड विरविरीत होते; फाजील असेल तर धागे तुटतात आणि माग थांबवावा लागतो.

कथेत ताणा म्हणजे वाचकाला आधी दिलेली माहिती : कोण संकटात आहे, काय पणाला लागले आहे, मुदत किती आहे. बाणा म्हणजे दैनंदिन घटना, संवाद, वर्णने. ताणा आधी बसवला नाही, तर कितीही सुंदर वर्णने विणली तरी वाचकाचा हात पुस्तकावरून सुटतो. उलट, संकटामागून संकटे आणून धागा नुसताच ताणत ठेवला, तर वाचकाची आस्था तुटते. मग नायक वाचतो की मरतो, याचे त्याला काही वाटेनासे होते. लांबवणे हीदेखील कला आहे, पण लांबवलेल्या जागेत काहीतरी विणले गेले पाहिजे. आपल्या कल्पित कथेतील तरुणी पिशवी उघडण्याऐवजी चहा पिते, त्या वेळात जर आपल्याला तिचा थकवा, तिचे धाडस, परीक्षेविषयीचा तिचा हट्ट कळला, तर तो विलंब सार्थ आहे. केवळ कपातल्या वाफेचे वर्णन झाले, तर तो विलंब म्हणजे वेळकाढूपणा होय.

वेळ कोणाचा?

या ठिकाणी प्रश्न केवळ तंत्राचा राहत नाही. दूरचित्रवाणीवरील अनेक मालिका भागाच्या अखेरीस दारावर थाप पाडतात, पात्राचा चेहरा तीन वेळा जवळून दाखवतात आणि थांबतात. दुसऱ्या दिवशी कळते की, दारात दूधवाला होता. येथे प्रेक्षकाची आस्था वापरली गेली, पण तिची परतफेड झाली नाही. काही कथाही याच मार्गाने जातात. निवेदक स्वतः सारे पाहत असतो, विचार करीत असतो, आणि नेमकी कळीची गोष्ट शेवटी चमत्कृती साधावी म्हणून वगळतो. अशी कथा वाचून झाल्यावर ‘वा’ असा उद्गार निघतो खरा, परंतु त्या लेखकाची पुढची कथा आपण सावधपणे वाचतो. विश्वास एकदा गेला की त्याच्या खऱ्या संकटांवरही आपण विश्वास ठेवत नाही.

आपण बहुतेक जण नोकरी, व्यवसाय, घर सांभाळून शिकत आहात. पाळी सुटल्यावर, बसमध्ये उभ्याने, मुले झोपल्यावर आपण वाचता. तुमच्या वाचनाचा अर्धा तास झोपेतून किंवा विश्रांतीतून काढलेला असतो. असा वाचक ज्याच्या कथेला वेळ देतो, त्या लेखकावर एक जबाबदारी येते. ‘अरबी सुरस कथां’तील शहरजाद रोज रात्री गोष्ट अर्धवट ठेवते, ते स्वतःचा जीव वाचवण्यासाठी. तरीही दुसऱ्या रात्री ती गोष्ट पुरी करते आणि मगच नवी सुरू करते. जिचे प्राण पणाला लागले होते, तिनेही श्रोत्याला फसवले नाही. मग इतरांना ती सवलत का द्यावी?

दुसऱ्या वाचनाची कसोटी

काही समीक्षक उत्कंठेकडेच संशयाने पाहतात. पुढे काय होईल या ओढीने वाचणारा माणूस भाषा, व्यक्तिचित्रण, आशय यांकडे दुर्लक्ष करतो, असे त्यांचे म्हणणे. धक्क्याच्या आणि रहस्याच्या बाबतीत ते बरेचसे खरे आहे. उत्तर कळले की वाटेचे महत्त्व संपते. परंतु उत्कंठेच्या बाबतीत ते खरे नाही. अभिमन्यूचे आख्यान शंभराव्या वेळीही ऐकले जाते. यमूची मुंबईतील सुखाची प्रकरणे दुसऱ्या वाचनात अधिकच जड जातात. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पुन्हा पाहताना दाराची कडी पहिल्या क्षणापासून बोलू लागते.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. शेवट माहीत असताना जी कथा पुन्हा वाचाविशी वाटते, तिच्यात खरी उत्कंठा आहे. जी वाचवत नाही, तिच्यात फक्त गुपित होते.

ही कसोटी आपण आपल्या अभ्यासक्रमातील कोणत्याही एका कथेला लावून पाहावी. वाचताना वहीत तीन रकाने आखावेत : या ठिकाणी वाचकाला काय माहीत आहे, पात्राला काय माहीत आहे आणि काय पणाला लागले आहे. दर दोन-तीन पानांनंतर ते भरावेत. पहिल्या दोन रकान्यांतील अंतर कोठे वाढते, कोठे मिटते, याची नोंद झाली की लेखकाचे कसब आपल्या डोळ्यांसमोर उलगडेल. मग ‘लेखकाने उत्कंठा टिकवून ठेवली आहे’ एवढेच लिहून आपण थांबणार नाही. ती कोणत्या पानावर, कोणती माहिती देऊन आणि कोणाविषयीच्या आस्थेच्या बळावर टिकवली, हे आपल्याला सांगता येईल. आणि एखाद्या कथेत ते अंतर केवळ लबाडीने राखलेले आढळले, तर लेखक कितीही नामवंत असला तरी तसे स्पष्ट लिहिण्यास संकोच करू नये. वाचकाने दिलेला वेळ परत करता येत नाही. त्याची किंमत राखली गेली की नाही, हे सांगण्याचा अधिकार वाचकाचाच आहे.